बोरखडीचा एकशे सात ताप

हैदर मास्तरांचं ठाम मत होतं, की बोरखडीची माणसं आजाराने मरत नाहीत, अडाणीपणाने मरतात! आणि आपण शाळेवर आहोत तोवर यापुढे एकही माणूस अडाणीपणाने मरणार नाही, असं त्यांनी चावडीसमोर उभं राहून छातीठोकपणे सांगून टाकलं.

"मंग कशानं मरायचं वो मास्तर?" म्हाताऱ्या लंकाबाईने विचारलं. तिला खरोखरच काळजी पडली होती.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. अशा गावात शास्त्र शिकवायचं म्हणजे काय दशा होते, ते ज्याचं त्यालाच ठाऊक! शेवगावच्याही पलीकडे, कुसळाच्या माळावर वसलेलं गाव. लोकल बोर्डाची पत्र्याची शाळा. तिकडे साहेबाची मोठी लढाई चाललेली, त्यामुळे खडूसुद्धा मागून मिळेना. तरी मास्तर तिथे न्यूटन शिकवत, रक्ताभिसरण शिकवत, आणि गाव सगळं ऐकून घेऊन पुन्हा आपल्या वाटेने जाई. मास्तरांचा संताप होई, तो उगीच नाही.

सगळ्यात जास्त संताप एकाच गोष्टीचा. गावात कुणी आजारी पडलं, की शेजारची बाई येणार, उलटा हात कपाळावर ठेवणार आणि डोळे मिटून सांगणार, "जरा कोमट लागतंय." कोमट! हा काय आकडा झाला? उद्या बाजारात जाऊन "जरा जड लागतील एवढ्या मिरच्या द्या" म्हणाल का? पण नाही! पिढ्यान्‌पिढ्या कोमटवर कारभार चाललेला.

शेवटी मास्तरांनी चावडीवर तीन वाडगी मांडली. एकात गार पाणी, एकात कढत, मधल्यात कोमट. गोरक्षनाथ पाटलांचा डावा हात कढत पाण्यात घालायला लावला, उजवा गार पाण्यात. मग दोन्ही हात एकदम मधल्या वाडग्यात.

"आता सांगा पाटील, पाणी कसं आहे?"

"डावा म्हनतोय गार हाय. उजवा म्हनतोय ऊन हाय."

"म्हणजे तुमचे हात काय करतायत?"

"भांडत्यात."

"खोटं बोलतायत, पाटील! हात खोटं बोलतो! पारा कधी खोटं बोलत नाही!"

हे वाक्य मास्तरांना इतकं आवडलं, की पुढच्याच खेपेला नगरला गेले तेव्हा ते ताप मोजायची नळी घेऊन आले. खरं म्हणजे गेले होते लेकीच्या लग्नाच्या खरेदीला. धाकट्या शहजादीचा निकाह येत्या जुम्म्याला, शुक्रवारी होता. खुर्शीदबीने, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, पिशवी उपडी केली आणि तिच्यातून अत्तराच्या कुपीऐवजी काचेची काडी निघाली.

"आवो, ह्ये काय? पोरीच्या अंगाला ह्ये लावायचं का?"

"बेगम, अत्तर उडून जातं. शास्त्र टिकतं."

"टिकंल की! पन सत्तारभाई नाक लावून बगनार हायेत, त्यांना शास्त्राचा वास येतो का?"

हा टोमणा मास्तरांना झोंबला, कारण सत्तारभाई, शहजादीचे होणारे सासरे, ही त्यांची दुखरी नस होती. कोपरगावकडचा बागाईतदार माणूस, मुलगा सोन्यासारखा, पण बाप महाचिकित्सक! याच मुलाची आधीची सोयरीक त्यांनी ऐन वेळी मोडली होती. का, तर मुलीच्या गावचं पाणी मचूळ लागलं! शहजादीला मुलगा मनापासून पसंत होता. ती तोंडाने बोलली नव्हती, पण मेंदीची पानं दोनदा वाटून झाली होती तिची. लग्न सुखरूप पार पडेपर्यंत गावात काही एक वावगं घडू द्यायचं नाही, असं मास्तरांनीच घरच्यांना बजावून ठेवलं होतं.

आणि मंगळवारी सकाळी ते शाळेत गेले.

धडा होता 'मानवी शरीराचे उष्णतामान'. सगळ्या पोरांना नीट दिसावी म्हणून मास्तरांनी ती नळी सकाळीच खिडकीच्या फळीवर मांडून ठेवली होती. चैत्राचं ऊन खिडकीतून आत आलं आणि फळीवर ठाण मांडून बसलं. मास्तर मात्र फळ्यावर लिहीत होते: उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात. निरोगी माणसाचे उष्णतामान अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार दशांश.

"आता प्रयोग!" ते म्हणाले, आणि पाटलांच्या थोरल्याच्या जिभेखाली त्यांनी नळी ठेवली. काढली. उजेडाकडे धरून फिरवून फिरवून पाहिली. चष्मा पुसला. पुन्हा पाहिली.

एकशे सात!

पुस्तकाप्रमाणे एकशे पाचाला माणूस बरळायला लागतो. एकशे सातपुढे पुस्तकच बोलायचं बंद होतं. मास्तरांनी घाईघाईने नळी पाण्यात बुडवून पुसली आणि दुसऱ्याच्या तोंडात घातली. एकशे सात! तिसऱ्याच्या. एकशे सात! केसाचाही फरक नाही! दुसरा कुणी असता तर इथे थोडा थबकला असता. मास्तर कशाला थबकतील? सगळ्यांचा आकडा एकच, म्हणजे साथ! याहून भक्कम पुरावा काय हवा?

"घरी जा!" ते म्हणाले. "एकशे सात ताप आहे सगळ्यांना. घरी जाऊन पडून राहा!"

पोरं जी उधळली ती थेट चिंचेच्या झाडावर. थोड्याच वेळात गोरक्षनाथ पाटील शाळेच्या दारात हजर.

"मास्तर, आमच्या थोरल्याला ताप हाय म्हनं? त्ये तर चिंचंच्या शेंड्याला बसलंय!"

"वात! वातात माणूस कुठेही चढतो."

"अन्‌ दोन भाकरी खाल्ल्या त्यानं."

"वातात भूक लागते! तोंड उघडा."

पाटलांनी तोंड उघडलं, नळी आत गेली आणि बोरखडीच्या इतिहासात पाटील प्रथमच एवढा वेळ गप्प बसले. मास्तरांनी आकडा सांगितला. पाटलांनी तिथेच बैठक मारली.

"तरीच म्हनलं," ते बारीक आवाजात म्हणाले, "सकाळधरनं मिशी जड लागतीय."

मग काय! गाव लोटलं. जो येई तो आधी ठणठणीत असे आणि आकडा ऐकला की शाळेच्या भिंतीला टेकून बसे. भागूबाईला एकाएकी हुडहुडी भरली. सहादेव कुंभाराचे पाय गळाले. ज्या माणसाने आयुष्यात कधी कण्हून पाहिलं नव्हतं, तोही हौसेने कण्हायला लागला.

"माजा किती?" लंकाबाईने विचारलं.

"एकशे सात."

"पाटलाचा?"

"तेवढाच."

"तेवडाच? मंग झालं!" म्हातारीचं समाधान झालं. जन्मात एकदा तरी ती पाटलाच्या बरोबरीला आली होती.

इथवर सगळं शास्त्राच्या हद्दीत होतं, असं मास्तर पुढे कायम म्हणत. पण तेवढ्यात पाटलांच्या धान्याच्या बळदाखाली मेलेला उंदीर सापडला! त्याच्या शेजारीच पाटलांची मांजर मिशा चाटत बसली होती, पण तिला कोण विचारतो? गावातून एकच आरोळी उठली.

"पिलेग!"

आता बोरखडीला आकड्यातला ताप कळत नसेल, पण पिलेग कळतो! उंदीर पडला की गाव सोडायचं, ओढ्यापलीकडच्या रानात झोपड्या घालायच्या, आणि साथ सरेपर्यंत वेशीच्या आत पाय टाकायचा नाही. बाप-आजांनी हेच केलं होतं, आणि त्यानेच वाचले होते. तेव्हा कुणी कुणाला विचारत बसलं नाही. दिवस मावळायच्या आत गाड्यांवर उतरंडी चढल्या, कोंबड्या डालग्यात गेल्या, आणि अख्खं गाव उठलं!

"अरे थांबा! मी पिलेग म्हणालो का?" मास्तर रस्त्यात आडवे झाले. "मी फक्त आकडा सांगितला! निदान काखेत गाठ तरी आहे का बघा!"

"गाठ येस्तवर थांबायचं व्हय?" पाटील गाडीवरूनच ओरडले. "तुमीच सांगितलं न्हवं, अडानीपनानं मरू नका म्हून?"

हे मास्तरांचंच वाक्य होतं, आणि ते त्यांच्याच अंगावर गाडीसकट येत होतं.

घरी आले तर मांडवाखाली खुर्शीदबी एकटी उभी. वाजंत्रीवाले रानात. इब्राहिम बावर्ची डेग तशीच पालथी टाकून रानात. चौघी शेजारणी हळद-मसाला कांडायला बसल्या होत्या, त्या मुसळं टाकून रानात!

"झालं समाधान?" खुर्शीदबीने विचारलं. "जुम्म्याला वऱ्हाड यील. सत्तारभाईनं पान्याच्या चवीवरनं सोयरीक मोडली हुती. हितं तर पानी पाजायला मानूस न्हाई!"

"यात माझा काय दोष? लोक अडाणी आहेत!"

"लोक रानात हायेत. मांडवात तुमी एकटंच हाय."

आतल्या खोलीतून हुंदका ऐकू आला. शहजादी! ज्या माणसाला वाईट वाटायला लागलं की फक्त रागावता येतं, त्यातले मास्तर होते. ते गावावर रागावले, उंदरावर रागावले, अत्तराच्या दुकानदारावरही रागावले. मग अंगाची काहिली झाल्यासारखी वाटली म्हणून त्यांनी नळी स्वतःच्या जिभेखाली धरली.

एकशे सात!

"बेगम," ते खाटेवर आडवे होत म्हणाले, "मलाही लागण झाली. घाबरू नकोस. थोडेच तास आहेत माझे."

खुर्शीदबीने उलटा हात त्यांच्या कपाळावर ठेवला. "अंग तर गार हाय."

"हात हे उपकरण नव्हे!" मास्तर मरता मरता गरजले. "तीन वाडग्यांचा प्रयोग विसरलीस? हात खोटं बोलतो!"

तिने त्यांच्यापुढे झुणका आणि भाकरी ठेवली. मास्तरांनी शेवटचं जेवण म्हणून तीन भाकऱ्या खाल्ल्या. जुम्मा उजाडेपर्यंत त्यांची अशी बरीच शेवटची जेवणं झाली, आणि मरण काही येईना. याचाही त्यांना रागच आला. पुस्तकात एक लिहिलेलं आणि इथे भलतंच! या गावात माणूस नियमाप्रमाणे मरूसुद्धा शकत नाही!

जुम्म्याला ऊन चढता चढता वऱ्हाडाच्या गाड्या शिवेवर आल्या. पुढच्या गाडीत सत्तारभाई, फेटा बांधलेले, शेजारी काजीसाहेब. मागे नवरदेव. आणि शिवेवर आडवी काठी धरून गोरक्षनाथ पाटील. बिचाऱ्याने सद्‌हेतूनेच सांगितलं, "फुडं जाऊ नका. गावात पिलेग हाय. आमी समदे एकशे सातवर हाय."

सत्तारभाईंनी रिकाम्या गावाकडे पाहिलं. झोपड्यांकडे पाहिलं. गाडीवानाला म्हणाले, "बैल फिरव."

मास्तरांना बातमी पोचली तेव्हा ते खाटेवर अंतिम घटका मोजत होते. ते ताडकन उठले आणि नळी मुठीत धरून उन्हातून धावत सुटले. अनवाणी! एकशे सात ताप अंगात असताना! मागून खुर्शीदबी पदर खोचून.

"सत्तारभाई, थांबा!"

"थांबू कशाला?" सत्तारभाई गाडीतूनच कडाडले. "मास्तर, तुम्ही शिकलेले म्हणून पोरगी केली. अन्‌ तुम्ही साथ लपवली? आमच्या घरावर मौत आणताय?"

लपवली! हा शब्द ऐकला आणि मास्तरांचा तोल सुटला.

"लपवली? मी लपवली?" त्यांनी नळीचा हात वर नेला आणि असा खाली हाणला, की बैल बिचकला. "मी तर गावभर सांगितली! मी मोजली! एकेकाच्या जिभेखाली घालून मोजली!" पुन्हा हात वर, पुन्हा खाली. "आणि ही माणसं! न बघता, न विचारता पळून गेली!" वर, खाली. "उंदीर मांजरीने मारला, हे सांगायला कुणी नाही!" खाली. "माझ्या पोरीच्या लग्नाला पाणी द्यायला कुणी नाही!" खाली. "आणि तुम्ही! मचूळ पाण्यावरून सोयरीक मोडणारे! माझ्या पोरीने मेंदी दोनदा वाटलीय, दोनदा! तुमच्या बैलाला तरी तिची दया येईल!"

शेवटचा हात त्यांनी असा हाणला की खांद्यातून कट्‌ असा आवाज झाला.

सत्तारभाई चिकित्सक खरे, पण त्यांनाही कुणी असं कधी झापलं नव्हतं. ते जरा नरमले. "बघू तर," ते म्हणाले, "माझा किती येतो?"

मास्तरांनी रागारागात नळी त्यांच्या तोंडात खुपसली. काढली.

अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.

मास्तरांनी ती पाटलांच्या तोंडात घातली. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. स्वतःच्या. तोच आकडा! आरडाओरडा ऐकून रानातून आलेली लंकाबाई आपण होऊन जीभ काढून उभीच होती. तिचाही थोडाफार तोच.

मास्तरांनी हातातल्या नळीकडे पाहिलं. नगरचा डॉक्टर ताप बघण्याआधी मनगट झटकतो, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. ती डॉक्टर लोकांची साहेबी ऐट असते, असं त्यांना वाटे! शाळेतल्या मोठ्या नळीतला पारा आपोआप खाली येतो. या नळीला गळ्यापाशी बारीक चिमटा असतो. वर चढलेला पारा झटका दिल्याशिवाय उतरत नाही. तो खिडकीतल्या उन्हात चढला होता आणि तिथेच बसला होता. मास्तरांनी अख्ख्या गावाचा ताप मोजला नव्हता. त्यांनी खिडकीच्या फळीचा ताप मोजला होता!

आणि त्यांचा राग गेला. प्रथमच गेला. त्याच्या जागी इतकी लाज वाटली की नजर वर होईना.

"सत्तारभाई," ते म्हणाले, "खरं सांगायचं तर..."

तेवढ्यात लंकाबाईने हात जोडले आणि माळ दणाणून टाकला.

"उतरला! मास्तरांनी पिलेगला दम दिला! समद्यांचा ताप उतरला!"

"व्हय व्हय!" पाटील ओरडले. "म्या बगितलं की! हात असा हाणला अन्‌ माजी मिशी हलकी झाली!"

"दम-बिम काही नाही!" मास्तर ओरडले. "अरे, पारा! पाऱ्याचं आकुंचन... अग्ग!"

हे 'अग्ग' शास्त्रातलं नव्हतं. खुर्शीदबीने त्यांच्या दंडाला चिमटा काढला होता, आणि तो सोडला नव्हता.

"गप ऱ्हावा," ती दात आवळून पुटपुटली. "आत्ता तुमी येडं ठरलात तर त्यो बैल फिरवील. पोरीचा इचार करा. शास्त्र निकाह झाल्यावर सांगा."

मास्तरांनी सत्तारभाईंकडे पाहिलं. सत्तारभाई गाडीतून खाली उतरले होते आणि डोळे विस्फारून उभे होते. ज्याने जन्मभर फुंकर, गंडा, दोरा यांच्याविरुद्ध घसा कोरडा केला, त्या माणसाने आता नुसतं गप्प बसायचं होतं. एवढंच! पण ते एवढंच किती कठीण असतं, ते मास्तरांनाच विचारा. त्यांच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. ते गप्प बसले.

सत्तारभाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि डोळ्यांना लावला. "आम्हाला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "पोरगी मोठ्या घरची आहे."

गाव जसं उठलं होतं तसंच परत आलं. डेग सुलटी झाली, वाजंत्री लागली, आणि दुपार टळायच्या आत शहजादीचा निकाह झाला. पानं वाढली गेल्यावर मास्तर उभे राहिले. त्यांनी चिमट्यासकट, पाऱ्यासकट, खिडकीच्या फळीसकट सगळं खरं खरं सांगितलं. पंगतीने मन लावून ऐकलं.

"बगा," पाटील शेजाऱ्याला म्हणाले, "येवडं करून मोठेपना न्हाई."

मग जे सुरू झालं ते थांबेचना! रोज सकाळी शाळेच्या दारात बायका उभ्या. कुणाचं तापलेलं पोर, कुणाचा कण्हणारा नवरा. "मास्तर, ह्याच्यावर जरा वरडा की!" मास्तर खवळून बाहेर येत. हा शुद्ध अडाणीपणा आहे, शरीराचं उष्णतामान ओरडण्याने उतरत नाही, तापावरचं कोयनेल घ्या, दवाखान्यात जा, असं ते बेंबीच्या देठापासून ओरडून सांगत. बायका तृप्त होऊन जात. "आज लई झ्याक वरडले," म्हणत. आणि भीतीने असेल, घामाने असेल, पोरं बरी होत! कडूबाईने तर तक्रारच केली, की पाटलाच्या सुनेसाठी मास्तर जास्त वेळ ओरडले.

आषाढाच्या तोंडाला कोपरगावहून माणूस आला. सत्तारभाईंचा निरोप होता: बैलाला ताप आहे, वैरण खात नाही. व्याह्यांनी येऊन दोन शब्द रागाने बोलावेत.

मास्तर जे भडकले! बैल? आता बैलावर? शिकल्या-सवरल्या माणसाची ही किंमत? मी काय गंडेदोरेवाला आहे? असं पुष्कळ बोलले. आणि मग टोपी घालून निघाले. लेकीचं सासर होतं!

तिथे शहजादीने दारातच त्यांचे पाय धुतले आणि हसू दाबत म्हणाली, "अब्बा, हळू वरडा. बैल म्हातारा हाय."

मास्तर गोठ्यात उभे राहिले आणि शास्त्राची जी विटंबना या जिल्ह्यात चालली आहे, तिच्याबद्दल जे जे मनात होतं ते ते सगळं त्यांनी बैलाला सुनावलं. बैलाने शांतपणे ऐकून घेतलं. वाईट एवढंच झालं, की संध्याकाळी तो उठला आणि पेंडी खायला लागला!